साथ सुरू असताना नेहमीची सेवा: प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

साथ आली की पहिल्या आठवड्यात वरून तोंडी निरोप सुरू होतात. शिबिरं थांबवा, गर्दी करू नका, माणसं सर्वेक्षणाला द्या. लेखी काही हातात नसतं, पण लसीकरण थांबतं, गरोदर मातांची तपासणी थांबते. पुन्हा सुरू कधी करायचं ते कोणी सांगत नाही, कारण बंद करायचंही कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून रुजू झाल्यावर पहिली सवय ही लावा: जे थांबवाल ते लिहून थांबवा. कोणती सेवा, कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून आणि फेरविचार कोणत्या तारखेला. एक साधी वही पुरते.

हे कागदी काम वाटेल, पण त्याची किंमत मोठी आहे. काँगोमध्ये २०१९ साली इबोलाची साथ चालू होती आणि जगाचं लक्ष तिकडेच होतं. त्याच सुमारास त्याच देशात गोवराने ६,००० हून अधिक जीव घेतले, म्हणजे त्या इबोला साथीतल्या मृत्यूंच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ते सुमारे १८ लाखांवर आले. क्षय कमी झाला नव्हता. टाळेबंदीत रुग्ण घराबाहेर पडला नाही आणि त्याला शोधणारे हात व सीबीनॅट, ट्रूनॅटसारखी क्षय तपासणारी यंत्रं कोविडकडे वळली.

काय थांबू शकतं, काय नाही

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ एप्रिल २०२० रोजी अत्यावश्यक सेवांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. वरिष्ठांशी बोलताना अशा कागदाचा आधार असला की बोलणं सोपं जातं. पण यादी आपल्या केंद्राची आपणच करावी लागते, कारण आपल्या हद्दीत काय घडतं ते आपल्यालाच माहीत असतं.

एक दिवसही न थांबणाऱ्या गोष्टी: प्रसूती, नवजात बाळाची काळजी, जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, सर्पदंश, विंचूदंश, कुत्रा चावल्यावरची लस, अपघात. क्षय, एचआयव्ही, सिकलसेल, फिट्स आणि मानसिक आजारांच्या गोळ्याही याच यादीत. डायलिसिस आणि थॅलसेमियाचे रुग्ण आपल्याकडे उपचार घेत नसले तरी त्यांची नावं आपल्याकडे हवीत. वाहतूक बंद झाली की गाडी आणि पास यांची सोय आपल्यालाच करावी लागते.

सर्पदंशाचं वेगळं सांगतो. साथ पावसाळ्यात चालू असली तर साप काही थांबत नाही. एका रुग्णाला सुरुवातीलाच एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० कुप्या लागतात, लक्षणं टिकली तर पुन्हा १०. म्हणजे साठा २० च्या खाली गेला की दुसऱ्या रुग्णासाठी तुमच्याकडे काहीच उरत नाही. मागणी तिथेच नोंदवा.

नसबंदी आणि मोतीबिंदू शिबिरं, शाळा तपासणी, प्रशिक्षणं पुढे ढकलता येतात. मात्र नसबंदी थांबवली तर त्याच दिवशी अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या आणि तांबी या गर्भनिरोधकांचा साठा मोजा. अंतरा दर ३ महिन्यांनी लागतं. ही तारीख हुकलेल्या बाई पुढे प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेत दिसतात.

माणसं कमी पडतात, आणि नेमकी कुठे

सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र हा निकष. प्रत्यक्षात पदं रिक्त असतातच. साथीत पहिली उचलली जाते ती उपकेंद्रातली आरोग्यसेविका: नाकाबंदीला, विलगीकरण कक्षात, सर्वेक्षणाला. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एकच लेखी विनंती करा: लसीकरण सत्राच्या दिवशी आरोग्यसेविका उपकेंद्रातच राहील. बाकीचे दिवस सोडून द्यावे लागले तरी हा एक दिवस सोडू नका.

कर्मचाऱ्यांचे दोन गट करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. जेवायलाही नाही, संसर्ग रुग्णाकडूनच येतो असं नाही, चहाच्या टेबलावरही येतो. प्रसूतिगृहाची परिचारिका तापाच्या ओपीडीला अजिबात देऊ नका.

आशा सेविका रोज घरोघरी जाणारच असतात. त्यांच्या सर्वेक्षणाच्या कागदावर चार रकाने वाढवा: घरात गरोदर कोणी आहे का, २ वर्षांखालचं बाळ आहे का, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला, रोजच्या गोळ्या किती दिवस पुरतील. एका फेरीत दोन्ही कामं होतात. एक व्यवहाराची बाजू लक्षात ठेवा: आशांच्या मोबदल्याचा एक भाग कामावर ठरतो, सत्रं थांबली की तोही आटतो. गटप्रवर्तकांकडून (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांकडून) थकीत बिलांची यादी दर महिन्याला मागवा. पैसे न मिळालेल्या बाईकडून तुम्ही चौथा रकाना भरून घेऊ शकत नाही.

जागा, क्लोरीन, ऑक्सिजन

तापाची ओपीडी मुख्य दरवाज्याच्या आधी, शक्यतो मांडवात. ताप-खोकला विचारायचा तो फाटकावर. आत केसपेपर काढल्यावर विचारून उपयोग नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक ताप साथीचाच धरणं. मलेरियाची किट टेबलावर असू द्या, डेंग्यू आणि लेप्टो डोक्यात असू द्या, आणि तापाबरोबर अंगावर पुरळ असलेलं मूल दिसलं की गोवर म्हणून कळवा.

कळा सुरू झालेल्या बाईला तपासणीच्या अहवालासाठी परत पाठवायचं नाही. अहवाल नसेल तर ती बाधित आहे असं धरून किट घाला आणि प्रसूती करा. त्यासाठी प्रसूतिगृहात पीपीईचे दोन संच कायम वेगळे ठेवा. भांडारात ठेवले की रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही.

१ टक्का हायपोक्लोराइट रोज ताजं बनवा. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग, किंवा ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर एक लिटरला ३० ग्रॅम. पावडरचा डबा उघडा राहिला की तिचा जोर उतरतो. माणसांच्या अंगावर फवारणी करायला कोणी सांगितलं तरी करू नका.

ऑक्सिजनचा हिशेब तोंडपाठ हवा. मोठ्या डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर सुमारे २३ तास, १० लिटर दिला तर १२ तासही नाही. छोट्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर. प्रसूतिगृह आणि नवजात कोपऱ्यासाठी एक भरलेला छोटा सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर, वॉशर आणि चावी एकत्र ठेवा आणि तो कोणालाही उसना देऊ नका. लाट वाढली की सगळ्यात आधी हाच सिलिंडर गायब होतो. कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या विजेवरच्या यंत्रावर) भिस्त ठेवायची तर वीज गेल्यावर काय, हे आधी ठरवा.

लसीकरण

इथे घडलेलं नुकसान सर्वांत उशिरा दिसतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेला आणि भिवंडी, मालेगावातही दिसलेला गोवराचा उद्रेक आठवा. कोविडच्या काळात हुकलेले डोस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

सत्र रद्द करण्याऐवजी छोटं करा. शाळेचा व्हरांडा किंवा मोकळं अंगण, अर्ध्या तासाला पाच-सहा बाळं, बोलावणं आशांकडून वेळ देऊन. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचं असतं, त्यासाठीची जागा धरून मग वेळा ठरवा. नाहीतर गर्दी लस घेताना होत नाही, थांबताना होते.

सत्र छोटं झालं की एक नवी अडचण उभी राहते. बीसीजीच्या कुपीत १० डोस, गोवर-रुबेलाच्या कुपीत साधारण ५. द्रावण केल्यावर दोन्ही ४ तासांत फेकावी लागतात. समोर एकच बाळ असलं की कुपी वाया जाईल म्हणून सेविका त्याला 'पुढच्या वेळी ये' म्हणतात, आणि पुढची वेळ येतच नाही. नियम स्पष्ट सांगा: एका बाळासाठीही कुपी उघडायची. वाया गेलेल्या डोसबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत हे बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओचे थेंब, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) अशा लसींची उघडलेली कुपी तारीख-वेळ लिहून, व्हीव्हीएम (कुपीवरची, उष्णता लागली की रंग बदलणारी खूण) ठीक असेल तर, २८ दिवसांपर्यंत वापरता येते.

व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक, पण फ्रीझरमधून काढून थेट नाहीत. बाहेर ठेवा, पृष्ठभागावर घाम येऊ द्या, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की भरा. कडक बर्फाला चिकटून पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी गोठतात आणि गोठलेली लस दिसायला चांगलीच दिसते. साथीची नवी लस आली की आयएलआर (लसी ठेवायचा खास फ्रीज) खचाखच भरतो. मग खोकी तळाशी दाबली जातात, आणि गोठण्याचा धोका तळाशीच सर्वाधिक. तापमान सकाळ-संध्याकाळ, २ ते ८ अंशांच्या मध्ये, सुट्टीच्या दिवशीही.

हुकलेल्या बाळांची यादी करताना गावानुसार करू नका, वयोमर्यादा कोणाची आधी संपते त्यानुसार करा. बीसीजी, रोटाचा (जुलाबाविरुद्धच्या लसीचा) पहिला डोस आणि पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आतच देता येतात, म्हणून वर्ष पूर्ण होत आलेलं बाळ सगळ्यात वर. गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत देता येते. अर्धवट राहिलेला क्रम पहिल्यापासून सुरू करायचा नसतो. चार आठवड्यांचं अंतर ठेवून पुढचा डोस. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची यादी वेगळी ठेवा आणि ती फडाच्या हद्दीतल्या केंद्राला कळवा.

गोळ्या

रुग्णाची चक्कर वाचावी म्हणून ३ महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या असा आदेश निघतो. कल्पना चांगली, पण अंमल घाईत झाला तर साठा कोसळतो. समजा रक्तदाबाचे ६०० रुग्ण आहेत, रोज एक गोळी. महिन्याची गरज १८,०००. सगळ्यांना एकदम तीन महिन्यांचं दिलं तर पहिल्याच महिन्यात ५४,००० हव्यात, आणि भांडारात तेवढ्या कधीच नसतात. त्याऐवजी तीन गट करा. पहिल्या महिन्यात २०० जणांना तीन महिन्यांच्या, बाकीच्यांना एका महिन्याच्या: ३०,००० गोळ्या. दुसऱ्या महिन्यात पुढच्या गटाला तसंच: २४,०००. तिसऱ्यापासून पुन्हा १८,०००. सुरुवात सर्वांत म्हाताऱ्या आणि लांबच्या वाड्यांपासून. औषधनिर्माण अधिकाऱ्याला हे गणित आधी दाखवा, म्हणजे ई-औषध या ऑनलाइन साठा-प्रणालीवरची मागणी वेळेत जाते.

क्षयाच्या रुग्णाला किमान महिनाभराच्या गोळ्या घरी द्या, पण फोन आठवड्याला. खोकल्याच्या रुग्णाची साथीची चाचणी निगेटिव्ह आली की त्याला घरी पाठवलं जातं. तसं न करता क्षयासाठी थुंकीचा नमुना त्याच भेटीत, उघड्यावर, घ्या. ई-संजीवनी (व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा) गोळ्या चालू ठेवायला बरी आहे. गरोदर बाईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी मात्र पडद्यावरून तपासता येत नाहीत.

दर शुक्रवारी चार आकडे

केंद्रातल्या प्रसूती, पेंटाचा तिसरा डोस, थुंकी तपासणीला पाठवलेले, रक्तदाबाच्या गोळ्या नेलेले. महिना भरला की बेरीज मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, मागच्या महिन्याशी नको. जन्मांनाही हंगाम असतो. प्रसूती घटल्या तर आशांना नावानिशी विचारा: बाई खासगीत गेली, माहेरी गेली, की घरीच झाली? घरी झालेली प्रत्येक प्रसूती गाडी मिळाली नाही म्हणून की भीती वाटली म्हणून, ते वहीत लिहा. गाडी नव्हती तर १०२ आणि १०८ च्या वेळा तपासा, भीती होती तर तापाच्या मांडवाची जागा बदला.