स्लीपमध्ये जाऊनही नोडची बॅटरी पंधरवड्यात संपते, तेव्हा

शेतातला ओलावा मोजणारा नोड: ३.३ व्होल्टचा अर्डुइनो प्रो मिनी (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), आरएफएम९५ लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर मेसेज पाठवणारा), कपॅसिटिव्ह सेन्सर, २६०० एमएएचचा १८६५० सेल. स्लीपमध्येही ८ मिलीॲम्पिअर जात होते.

प्रोसेसर झोपला तरी बाकीचे जागेच. सगळ्यात खादाड सेन्सर, एकटाच ५ मिलीॲम्पिअर. त्याचा व्हीसीसी (वीजपुरवठ्याची तार) बोर्डाच्या डिजिटल पिनवर घेतला. रीडिंगपुरता पिन हाय (चालू), लगेच लो (बंद). रेडिओ स्टँडबायमध्येच राहत होता (१.६ मिलीॲम्पिअर), मेसेज गेल्यावर त्याला स्लीपची कमांड द्यावीच लागते. बोर्डावरचा पॉवर एलईडी डिसोल्डर केला. रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) जागी कमी करंट खाणारा एमसीपी१७००-३३०२, दोन्ही बाजूंना १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. सेल थेट जोडू नका: फुल चार्जला तो ४.२ व्होल्ट देतो, रेडिओची मर्यादा ३.७. झोपण्याआधी एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) आणि ब्राउन-आउट (व्होल्टेज घसरलं की रिसेट करणारी तपासणी) बंद.

आता करंट २० मायक्रोॲम्पिअरच्या आत. मोजताना मात्र मीटरच दगा देतो. मायक्रोॲम्पिअर रेंजवर त्याच्या आतल्या रोधामुळे ट्रान्समिट होताच व्होल्टेज पडतं आणि नोड रिसेट होतो. प्रोब वायरच्या तुकड्याने शॉर्ट ठेवा, नोड झोपला की तुकडा काढा.

गेटवे (नोडचे मेसेज घेणारं केंद्र) जवळ असेल तर लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा, तितका मेसेज हळू पण लांब जातो) १२ वरून ७ वर आणा. ट्रान्समिटचा वेळ साधारण विसाव्या हिश्शावर येतो. रेंज अर्थातच घटते.