वैदिक काळातली उपासना समजून घेताय? या चुका टाळा

पंचामृतातलं दही देवावर पडतं तेव्हा गुरुजी ‘दधिक्राव्णो अकारिषं’ म्हणतात. कितीतरी वर्षं मी हा दह्याचा मंत्र समजत होतो. भाच्याला तसं ठासून सांगूनही झालं होतं. मग एकदा ऋग्वेदाचं चौथं मंडल, म्हणजे चौथा भाग, उघडलं आणि माझीच फजिती झाली. ही ऋचा (४.३९.६) घोड्याची आहे! दधिक्रावा हा जिंकणारा, वेगवान दैवी अश्व. त्याची स्तुती केली, तो आमची तोंडं सुगंधी करो, आयुष्य वाढवो, एवढंच मागणं. दह्याशी नातं ‘दधि’ या दोन अक्षरांपुरतं.

मंत्र जुना म्हणजे विधीही जुना, असं धरू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मंत्राआधी ऋषी, देवता, छंद आणि विनियोग सांगायची पद्धत आहे. त्यातला विनियोग, म्हणजे मंत्र कुठल्या कामी लावायचा ते, पुढच्या पिढ्यांनी ठरवत नेलं. पंचामृतच घ्या. दुधाचा ‘आ प्यायस्व’ (१.९१.१६) आणि साखरेचा ‘स्वादुः पवस्व’ (९.८५.६) हे दोन्ही मुळात सोमाचे, म्हणजे यज्ञातल्या सोमरसाचे. तुपाच्या ‘घृतं मिमिक्षे’त (२.३.११) तूप खरोखरच आहे, पण ते अग्नीत पडणारं. शनीसाठी म्हणतात ती ‘शं नो देवीरभिष्टये’ (१०.९.४) पाण्याची प्रार्थना आहे, ‘शं नो’ कानाला शनीसारखं लागतं, म्हणून तिची निवड झाली.

गणपतीचंही तेच. ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ (२.२३.१) हे ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे, स्तुतींच्या अधिपतीला. सोंड, मोदक, उंदीर यांपैकी तिथे काही नाही. म्हणून गणेशोत्सवात ते म्हणू नये असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त ‘ऋग्वेदातच गणपतीची पूजा आहे’ असं त्यावरून सिद्ध करायला जाऊ नका.

शंका आली तर उपाय साधा आहे: मंडल, सूक्त, ऋचा यांचा आकडा शोधा आणि एकच ओळ न वाचता पूर्ण सूक्त वाचा. सायणभाष्य, म्हणजे सायणाचार्यांनी वेदांवर लिहिलेली टीका, हाताशी ठेवाच, पण सायणाचार्य १४ व्या शतकातले, विजयनगरच्या काळातले, हेही लक्षात असू द्या. त्यांच्यासमोर यज्ञाची पूर्ण वाढलेली परंपरा होती आणि ते तिच्याच नजरेने वाचतात.

देऊळ आणि मूर्ती डोळ्यांसमोर आणू नका

ऋग्वेदात देवाकडे जायचं नसतं, देवाला बोलवायचं असतं. जमिनीवर बर्हिस् म्हणजे गवत अंथरायचं, अग्नी पेटवायचा, आणि ‘इंद्रा, ये, इथे बस, सोम पी’ म्हणायचं. अग्नी हा हव्यवाह, हवी म्हणजे आहुती पोचवणारा. काम झालं की पाहुणे गेले. मागे गाभारा उरत नाही. आपली षोडशोपचार पूजा पाहुणचाराचीच, पण तिचे उपचार मूर्तीभोवती रचलेले. पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा त्या १६ उपचारांना एकेक करून वाटून दिल्या आहेत. स्नानाच्या वेळी येणारी सहावी ऋचा वाचा: वसंत हे तूप, ग्रीष्म ही समिधा, शरद हा हवी. आंघोळीचा पत्ताच नाही! शिवाय हे सूक्त दहाव्या मंडलातलं, म्हणजे ऋग्वेदाच्याही उशिराच्या थरातलं. जुना गाभा दोन ते सात या ऋषिकुलांच्या मंडलांत आहे.

सोम म्हणजे दारू नव्हे

दगडांनी कुटायचा, मेंढीच्या लोकरीतून गाळायचा, दूध-दही घालून द्यायचा, असा तो रस. कुटणाऱ्या दगडांवरही एक अख्खं सूक्त आहे (१०.९४), आणि त्या दगडांचा गोंगाट त्यात मस्त उतरलाय. सुरा वेगळी. वसिष्ठ वरुणापुढे अपराधांची कारणं सांगतात तेव्हा राग आणि जुगाराच्या फाशांच्या जोडीला तिचं नाव घेतात (७.८६.६). सोमाची वनस्पती नेमकी कुठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर सावध व्हा.

देवांचा आजचा मान तेव्हा लावू नका

ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांपैकी सुमारे २५० इंद्राची. विष्णूची पाच-सहा, रुद्राची पूर्ण अशी तीन. आणि यज्ञात पशू नव्हताच असंही रेटू नका, १.१६२ मध्ये घोडा कापण्या-शिजवण्याचं वर्णन स्पष्ट आहे.

सराव करायचा असेल तर आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली घ्या. ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’ ऋग्वेदातलं, ‘राजाधिराजाय’ तैत्तिरीय आरण्यकातलं, ‘साम्राज्यं भौज्यं’ ऐतरेय ब्राह्मण या यज्ञविधींच्या ग्रंथातलं, राज्याभिषेकाच्या प्रकरणातलं. शेवटचा ‘मरुतः परिवेष्टारो’ श्लोकही तिथलाच. मरुत्त राजाच्या घरी मरुत देव वाढपी होते आणि विश्वेदेव सभासद, असं तो सांगतो. आपण हातात फुलं धरून तो म्हणतो, आणि लक्ष असतं प्रसादाकडे.