शरीरसौष्ठवाची पहिली स्पर्धा: भूक, डोकं आणि नंतरचे दिवस

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या जिममध्ये नवी मुलं येतात. "दादा, यंदा स्टेजवर उतरायचंय. प्रोटीन किती घेऊ?" मोसम तोंडावर आलेला असतो. डिसेंबर ते मार्च मुंबईत आणि आसपास मंडळांच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांची रांग लागते, आणि पोस्टरवरचे पीळदार देह बघून कुणालाही हुरूप येतो. प्रोटीनचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण ही मुलं जे विचारत नाहीत, तेच मला सांगायचं असतं. ही तयारी शरीरापेक्षा डोक्याला जड जाते. सगळ्यात वाईट निर्णय शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत, उपाशी डोक्याने घेतले जातात. म्हणून ते निर्णय पोट भरलेलं असतानाच घेऊन ठेवायचे.

पहिला निर्णय गटाचा. शरीरसौष्ठवात वजनी गट असतात, साधारण ५५ किलोपासून वर पाच-पाच किलोंच्या टप्प्यांनी. पोटऱ्यांपासून मानेपर्यंत सगळं पंचांसमोर उघडं असतं आणि ठरावीक पोझेस द्याव्याच लागतात. मेन्स फिजिक हा वेगळा प्रकार, त्यात शॉर्ट्स घालून उभं राहायचं असतं. रुंद खांदे, निमुळती कंबर, पोटावरचे कट्स, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, आणि एकूण ठेवण बघितली जाते. बरीच मुलं "पाय कमी आहेत" म्हणून फिजिककडे वळतात. हे कारण मला पटत नाही. तिथे कंबर बारीक लागते आणि गर्दीही मोठी असते. मुंबईत असाल तर 'नवोदित मुंबई श्री'सारख्या नवख्यांच्या स्पर्धेपासून सुरुवात करा. 'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री' कुठे पळून जात नाहीत.

दुसरा निर्णय वेळेचा. स्नायू टिकवून चरबी उतरवायची तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढंच वजन कमी व्हावं. आता हिशोब करा. तुम्ही ८० किलोचे आहात आणि ७० किलोच्या गटात उतरायचंय. आठवड्याला अर्धा किलो धरलं तर वीस आठवडे लागतात. फेब्रुवारीतल्या स्पर्धेसाठी दिवाळीनंतर जागं होणारा मुलगा हेच काम जेमतेम बारा-तेरा आठवड्यांत करायला बघतो, मग ताटात काही उरतच नाही. गणपतीत सुरुवात करा. दिवाळी मध्ये आली तरी दोन चकल्या खाऊन पुढे जाता येतं.

पहिले दोन-तीन महिने छान जातात. वजन उतरतं, कपडे सैल होतात, लोक कौतुक करतात. खरी तयारी त्यानंतर सुरू होते. चरबी अगदी कमी झाली की शरीर काटकसर करू लागतं. जानेवारीच्या मुंबईत घरचे पंखा लावून झोपतात आणि तुम्ही गोधडीत कुडकुडत असता. रेल्वेचा पूल चढताना कठडा धरावा लागतो. लोकलच्या कडक बाकावर बसलं की माकडहाड टोचतं, कारण मध्ये गादीसारखं काही उरलेलंच नसतं. शर्ट घातलेला असला की तुम्ही आजारी दिसता. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारतात, "याला बरं नाहीये का?"

आणि डोक्यात फक्त अन्न. रात्री अंथरुणात पडून मिसळीचे, बिर्याणीचे व्हिडिओ बघणारी मुलं मी दर मोसमात पाहतो, मीही त्यातून गेलोय. हा मनाचा कमकुवतपणा नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडायचे, उदास व्हायचे, त्यांना सतत थंडी वाजायची. मुलींमध्ये रस उरला नव्हता. ते स्पर्धेला उतरलेले नव्हते, फक्त उपाशी होते. तेव्हा शेवटच्या आठवड्यांत क्षुल्लक कारणावरून बहिणीवर ओरडावंसं वाटलं, तर ही भूक बोलतेय एवढं ओळखा आणि खोलीबाहेर पडा.

घरच्यांशी तयारी सुरू होण्याआधी बोला. आपल्याकडे मोसम आणि सण एकत्रच येतात. संक्रांतीचा तिळगूळ, माघी गणपतीचे उकडीचे मोदक, त्यातच लग्नं. मुलगा ताटाला हात लावत नाही याचं आईला वाईट वाटतं, ते खोटं नसतं. कोणत्या तारखेपर्यंत काय खाणार नाही आणि त्यानंतर काय खाणार, हे तिला नीट सांगा. घरात गोडधोड बंद करायला लावू नका. व्रत तुमचं आहे, घराचं नाही.

आरशाबद्दल मात्र मी फार कडक आहे. खाणं कमी असताना स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा घटतो, ते सपाट दिसतात आणि वाटतं, सगळं गेलं, वर्षाची मेहनत वाया गेली. त्याच दिवशी जिममध्ये पंप आला, म्हणजे व्यायामाने स्नायू तात्पुरते फुगले, की वाटतं, आपणच जिंकणार. दोन्ही खोटं. शेवटच्या टप्प्यात तुमच्या डोळ्यांना तुमचं शरीर खरं दिसत नाही. म्हणून एक माणूस नेमा, ज्याने आधी मुलं स्टेजवर उतरवली आहेत आणि जो तुम्हाला काहीही विकत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच जागी, त्याच उजेडात काढलेले फोटो त्याला पाठवा. आहारात बदल झाला तर त्याच्या सांगण्यावरून आणि त्याच दिवशी. रात्री अकरा वाजता "उद्यापासून भात बंद" असं स्वतःशी ठरवायचं नाही.

थांबायचं कधी, तेही आधीच कागदावर लिहून भिंतीवर लावा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, रात्रंरात्र झोप न लागणं, जेवून मुद्दाम उलटी करावीशी वाटणं. यातलं काही झालं तर डॉक्टर आधी, स्पर्धा नंतर. मुलींसाठी पाळी बंद होणं हीसुद्धा अशीच खूण आहे. "तयारीत असं होतंच" म्हणून ती सोडून देणारे प्रशिक्षक मला भेटलेत. ते चूक आहे, कारण त्याची किंमत हाडं मोजतात. शेवटच्या आठवड्यांत बाइकही शक्यतो दुसऱ्याला चालवू द्या, लक्ष लागत नाही.

आता इंजेक्शनं. शेवटच्या महिन्यात, तुम्ही सगळ्यात थकलेले असताना, कुणीतरी जवळ येऊन सांगतं की अमुक घेतलंस तर व्यायामाला जोर येईल. त्यात बऱ्याचदा मेफेंटरमाइन असतं. ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरायला भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. भुकेल्या, पाणी कमी झालेल्या शरीरात ते हृदयावर काय करेल याचा नेम नाही. दुसरी गोष्ट लघवी करवून पाणी काढणाऱ्या गोळ्यांची. मोहम्मद बेनाझिझा हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक होता. १९९२ मध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत तो गेला. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये गेला. दोघांच्या मृत्यूशी या गोळ्यांचं नाव जोडलं गेलं. पाणी गेलं की पोटॅशियमचं गणित बिघडतं आणि हृदयाचा ठेका चुकतो. शिवाय गोळ्यांनी फायदाही होत नाही. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. पाणी तोडून भात-रताळं कितीही खाल्लं तरी स्नायू भरणार कशाने? पहिल्या स्पर्धेला पाण्याशी खेळूच नका.

गोळ्या आणि पाण्याच्या मागे घालवायची ती शक्ती पोझिंगला द्या, नवी मुलं इथेच मार खातात. गच्चीवर रोज संध्याकाळी सराव करा, आरशाशिवाय, कारण स्टेजवर आरसा नसतो. डबल बायसेप्स, म्हणजे दोन्ही दंड फुगवून दाखवायची पोझ, धरून उभं राहिलं की आधी मांड्या थरथरायला लागतात, मग श्वास अडकतो, मग चेहरा वेडावाकडा होतो. पोट आत, पाय घट्ट, पाठ उघडी आणि चेहऱ्यावर हसू, हे सगळं एकदम जमायला महिने लागतात. पंच तुलनेसाठी तुम्हाला पुन्हा पुन्हा उभं करतात, आणि बाजूला रेषेत थांबलेले असतानाही त्यांची नजर फिरत असते.

स्पर्धेचा दिवस बराचसा वाट बघण्यात जातो. अंगावर रंगाचे थर, खाली जुनी चादर, घाम आला तर रंग ओघळेल म्हणून हलायचं नाही. तुमचा गट कधी पुकारतील याचा भरवसा नाही. बरोबर एक शांत मित्र ठेवा. पहिल्या पाचात नाव नाही आलं, तर त्या रात्री निकालावर कुणाशीही वाद घालू नका.

आणि मग दुसऱ्या दिवसापासून जे सुरू होतं, त्याची तयारी कुणीच करून घेत नाही. भूक सुटते ती थांबत नाही. मिनेसोटातल्या तरुणांनाही पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर कित्येक आठवडे तृप्ती वाटली नव्हती. चार-पाच दिवसांत घोटे सुजतात, कट्स जातात, आरशात अनोळखी माणूस दिसतो आणि फोनवर मात्र स्टेजवरच्या फोटोंना लाइक्स येत राहतात. याच आठवड्यांत चांगली मुलं जिम सोडतात, घरात बसून राहतात. एका नैसर्गिक, औषधं न घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूचा स्पर्धेआधी सहा महिने आणि नंतर सहा महिने अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेपर्यंत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर आले होते, टेस्टोस्टेरॉन चौथ्या हिश्शावर उतरलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही ताकद पूर्ण परतली नव्हती. म्हणजे स्पर्धेनंतरची मरगळ ही शरीराची खरीखुरी अवस्था आहे, तुमचा आळस नाही.

म्हणून स्पर्धेनंतरच्या दोन महिन्यांचा आहारही आधीच लिहून ठेवा. खाणं टप्प्याटप्प्याने वाढवा. वजन वाढू द्या, ते वाढायलाच हवं. आठवडाभर आराम करून हलका व्यायाम सुरू करा. महिनाभराने रक्ततपासणी करा, किडनी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बघा. उदासी दोन-तीन आठवडे हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, जसं खांदा दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे जाता तसंच.

मोसमात दर शनिवार-रविवारी कुठेतरी स्पर्धा असते, आणि "कंडिशन आहेच, पुढचीही मारू" असं म्हणणारे मित्र भेटतात. पहिल्या वर्षी दोन स्पर्धा पुष्कळ झाल्या, त्याही पंधरा-वीस दिवसांच्या आत. तिसरीची नोंदणी करायला कुणी आग्रह केला तर भिंतीवरचा कागद दाखवा, आणि पुढच्या गणपतीपर्यंत पोटभर जेवून ताकद वाढवा.