ओमेगा सेंटॉरी कसा पाहावा आणि कॅमेऱ्यात कसा टिपावा

नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ होय. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरील या गुच्छात अंदाजे एक कोटी तारे असले, तरी नुसत्या डोळ्यांना तो एखाद्या अंधुक ताऱ्यासारखाच दिसतो. त्यामुळे १६०३ साली जर्मन नकाशाकार योहान बायरने त्याला ताऱ्याप्रमाणेच ओमेगा हे ग्रीक अक्षर बहाल केले. लंडन-पॅरिसहून तो कधीच दिसत नाही, पुण्यातून मात्र तो क्षितिजापासून सुमारे २४ अंश वर येतो.

ही उंचीही बेताचीच असल्याने दुर्बिणीपेक्षा जागेची निवड अधिक महत्त्वाची ठरते. दक्षिणेला डोंगर किंवा शहराचा उजेड नसावा. चैत्र आणि वैशाख अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत सोयीच्या. मे महिन्याच्या मध्यास गुच्छ रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वाधिक उंचीवर असतो. मात्र तेव्हा आकाश बहुधा धुरकट असते, म्हणून वळवाची सर येऊन गेल्यानंतरची निरभ्र रात्र मिळाल्यास ती दवडू नये.

प्रथम चित्रा तारा शोधावा. तो दक्षिणोत्तर रेषेवर आला की हात लांब करून त्याच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोजाव्यात. खात्रीसाठी नरतुरंगातीलच मित्रक (बीटा सेंटॉरी) ताऱ्यापासून एप्सिलॉन सेंटॉरी या ताऱ्यापर्यंतची रेषा जवळपास तेवढीच पुढे वाढवावी. १० बाय ५० च्या द्विनेत्रीतून तेथे धूसर गोळा दिसेल. आठ इंची दुर्बिणीतून, विशेषतः नजर किंचित बाजूला ठेवल्यास, त्यातील तारे सुटे होऊ लागतात. सुरुवातीला कमी वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावावी, कारण गुच्छाचा विस्तार जवळजवळ पूर्णचंद्राएवढा आहे.

छायाचित्रासाठी २०० मिमीची लेन्स पुरते. चित्रेवर लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस करावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ठेवावा आणि रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात चित्रे घ्यावीत. साध्या तिपाईवर एक-दोन सेकंदांहून अधिक उद्भासन (एक्स्पोजर) दिल्यास तारे रेघांसारखे उमटतात, म्हणून अशी शंभरेक चित्रे घेऊन डीपस्कायस्टॅकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावीत. ताऱ्यांच्या गतीने विद्युत मोटरवर फिरणारी बैठक असल्यास ती ध्रुवताऱ्याकडे नीट रोखून ३० ते ६० सेकंदांची उद्भासने देता येतात. परंतु त्यांत गाभा पांढराफटक होण्याचा धोका असतो, तेव्हा दहा सेकंदांचा एक वेगळा संच घेऊन गाभ्याचा भाग त्यातून जोडावा. तारे सुटे दिसत नसतील, तर उद्भासन वाढवण्याआधी फोकस पुन्हा तपासावा.