छोट्या बेटावर ओढ्याच्या पाण्यावर वीज: आधी पाणी मोजा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एग बेटावर जेमतेम शंभरेक माणसं राहतात. २००८ पासून ती आपली वीज आपणच बनवतात: १०० किलोवॉटचा मुख्य जलविद्युत संच, दोन लहान संच, पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्या. मुख्य भूमीवरून वीज येत नाही. असं काही उभारायचं असेल तर टर्बाइनचे (पाण्याच्या जोराने फिरून वीज बनवणाऱ्या चाकाचे) कॅटलॉग नंतर चाळा. आधी ओढा मोजा, तोही कोरड्या महिन्यांत. पावसाळी आकड्यावर घेतलेलं यंत्र उन्हाळाभर बसून राहतं.

मोजायला ओढ्यात फळी आडवी घालून तिला ९० अंशांची व्ही आकाराची खाच पाडा. फळीच्या मागे मीटरभर अंतरावर, खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची घ्या. १५ सेंटीमीटर भरली तर सेकंदाला सुमारे १२ लिटर, २० भरली तर जवळजवळ २५. म्हणजे इथे पट्टी नीट धरली नाही तर सगळा हिशेब कोसळतो. सेकंदाचे लिटर गुणिले उभा उतार (पाणी सरळ किती मीटर खाली येतं ते) गुणिले ७ इतके वॉट हाती येतात. १२ लिटर आणि ६० मीटर धरले तर ५ किलोवॉट. एगवर एका घराला एका वेळी एवढीच वीज वापरता येते.

ओढ्यातून टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तिरकी जाळी, लगेच खाली हवा घेणारी उभी नळी. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश बंद करा. झटक्यात फिरवला तर पाण्याच्या दणक्याने पाइप फुटतो. म्हणूनच लोड (विजेचा वापर) घटला तर पाणी अडवत नाहीत, जादा वीज हीटरमध्ये जिरवतात. हे हीटर संचाच्या पूर्ण क्षमतेचे हवेत, नाहीतर चाक बेफाम फिरतं. एगवर जादा विजेवर सार्वजनिक इमारती गरम होतात, हे उत्तम.

रोज पाइपावरचं प्रेशर गेज (पाण्याचा दाब दाखवणारं मीटर) पाहा. ६० मीटरला, पाणी थांबलेलं असताना, सुमारे ६ बार दिसतात. चालू संचावर काटा नेहमीपेक्षा खाली आला किंवा थरथरू लागला, तर जाळीत पाला अडकलाय आणि पाइपात हवा शिरतेय. दाब उलट वाढला आणि वीज घटली, तर नोझलमध्ये (चाकावर पाण्याची धार सोडणाऱ्या तोटीत) खडा. दाब ठीक, तरी वीज कमी? पेल्टन चाकाच्या (कडेने वाट्या बसवलेल्या टर्बाइनच्या) वाट्या वाळूने झिजल्यात का बघा. तसं असेल तर नव्या वाट्यांआधी वाळू खाली बसवणारी टाकी बांधा.