कॉन्ट्रास्टचा एमआरआय असेल, तर आधी क्रिएटिनिन

मी अकोल्यात एमआरआय मशीनवर टेक्निशियन आहे. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडे किडनीचा पेशंट नाही असं गाव मला माहीत नाही. म्हणून सांगतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’, म्हणजे चित्र उजळ यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, लिहिलेलं दिसलं की एसटीत बसण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या आणि रिपोर्ट सोबत आणा.

कारण हे हातातून देतात ते औषध गॅडोलिनियमचं असतं. हा दुर्मिळ मृदा गटातला धातू. त्याच्या जवळ आलेल्या, अंगातल्या पाण्याचा एमआरआय सिग्नल लवकर सावरतो, म्हणून गाठ चित्रात उजळ दिसते. सुटा गॅडोलिनियम विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून देतात, आणि तो पिंजऱ्यासकट लघवीतून बाहेर पडतो. किडनी मंद असेल तर तो अंगात रेंगाळतो. कातडी कडक होऊन सांधे आखडण्याचा आजार याच औषधाशी जोडलेला आहे, हे 2006 मध्ये लक्षात आलं.

मागच्या हिवाळ्यात माझी मावशी आली होती, वय 70. क्रिएटिनिन 1.4. तिचा मुलगा म्हणाला, “माह्यं बी एवढंच आलं होतं, दादा. काई झालं का मले?” त्याचं वय 30. या आकड्यावर त्याची किडनी मिनिटाला 69 मिलीच्या आसपास गाळते, मावशीची 40 च्या. आकडा एकच, अर्थ वेगळा. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा हाच अंदाज) नसेल तर लॅबवाल्याकडून काढून घ्या. तो 30 च्या खाली असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, कॉन्ट्रास्टशिवाय भागतं का?

दुसरा प्रश्न औषधाच्या नावाचा. पिंजरा दोन जातींचा असतो, एक उघड्या साखळीचा, दुसरा चहूकडून बंद. बंद पिंजरा धातूला जास्त घट्ट धरतो. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट ही बंद जातीची. उघड्या जातीची काही औषधं युरोपात 2017 मध्ये थांबवली गेली.

‘नॅनो’, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या कॉन्ट्रास्टबद्दलही लोक विचारतात. कल्पना मला फार आवडते. एका कणावर कितीतरी गॅडोलिनियम बसतात आणि कण जड असल्यामुळे हळू फिरतो, म्हणून थोड्या औषधात जास्त उजेड मिळतो. अडचण मापाची आहे. साधारण 5 नॅनोमीटरपर्यंतचा कण किडनीतून निघून जातो, मोठा कण यकृत आणि प्लीहेत अडकतो. फ्रान्समध्ये असे बारीक कण मेंदूतल्या गाठींच्या पेशंटवर तपासले गेलेत. तुमच्या चिठ्ठीवरचं औषध मात्र जुन्या पिंजऱ्याचंच असणार.

वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावर करून या. मात्रा वजनावर ठरते. नेहमीच्या द्रावणाचं 50 किलोच्या माणसाला 10 मिली लागतं. डोरलं, जोडवी, ताईत, करदोडा घरीच काढून ठेवा. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर मशीनच्या खोलीत पाय टाकण्याआधी सांगा. पोटात बाळ असेल तर तेही.

औषध जाताना हाताला गार लागतं, ते चालतं. खाज, गांध्या किंवा दम लागला तर आम्हाला बोलवायला हातात दिलेला फुगा लगेच दाबा. झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. बाटलीवरचं स्टिकर मागून फाइलमध्ये चिकटवा. पुढच्या खेपेला मला आधी तेच दाखवा.