वावरातली रोजनिशी: लिहायची कशी, सजवायची कशी

महागडी डायरी आणू नका. तिचं गुळगुळीत पान पाहिलं की हात थबकतो आणि चार दिवसांत ती कपाटात जाते. २०० पानी साधी वही घ्या. फक्त सुरुवातीलाच दर चौथं-पाचवं पान शिवणीशी बोटभर पट्टी ठेवून कापून टाका. चिकटवलेल्या वस्तूंनी वही फुगते, तेव्हा ही जागा कामी येते. मी हे केलं नव्हतं. पोळ्यापर्यंत माझी वही तोंड वासून बसली होती.

आधी लिहिणं, मग सजावट. रात्री जेवणं आटोपली की पाच ओळी. ‘आजचा दिवस चांगला गेला’ असं लिहिलं तर सहा महिन्यांनी त्यातून काही आठवत नाही. पाऊस किती पडला, वेचणीला कोण आलं, तुरीवर अळी दिसली का, आजी कशावरून चिडली, हे लिहा. तारखेशेजारी नक्षत्रही टाका. मृग कोरडा गेला ही नोंद पुढच्या पेरणीला घरातले मागून घेऊन वाचतात. बॉलपेन बरा, जेलची शाई दमट कागदावर पसरते.

रंग वावरातच आहेत. फाल्गुनात पळसाची मूठभर फुलं गरम पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडं आटवून चिमूटभर तुरटी घाला. केशरी-पिवळा रंग मिळतो. ओल्या हळदीत किंचित चुना कालवला की ती लाल होते. सागाचं कोवळं पान कागदावर चोळलं तर तांबूस डाग उमटतो, त्याचा मी कधी बैल करते, कधी ढग. हे रंग उन्हात उडतात, पण मिटलेल्या वहीत बरेच टिकतात.

कडेच्या नक्षीला सगळे वारली काढतात. छानच आहे ती, पण ती पालघरकडची. आपल्या बैलाची झूल आणि अंगणातले रांगोळीचे ठिपके एकदा कागदावर उतरवून पाहा.

फूल ताजं चिकटवू नका. पळसाची पाकळी जाड असते. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून पाट्याखाली आठवडाभर दाबा आणि दुसऱ्याच दिवशी कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. कापूस सरकी काढून, पिंजून, अगदी पातळ लावा. मैद्याची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आवतण. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळला की झालं. वहीत कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा.

एसटीचं तिकीटही लावा, पण मशीनमधून निघालेल्या तिकिटावरची अक्षरं आपल्या उन्हाळ्यात पार पुसट होतात. म्हणून शेजारी पेनानं लिहून ठेवा: कुठून कुठे, किती रुपये, आणि खिडकीची जागा कोणी पटकावली.